हळदीचा हिशेब

आमच्या टिळकवाडीच्या घरी सांगलीची हळद वर्षाची भरायची रीत. म्हणून हिला आमवात झाला तेव्हा कर्क्युमिनच्या कॅप्सूल मीच आणल्या. "घरचंच औषध आहे गं," म्हणत मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी बंद करायला लावली. सहा महिन्यांत बोटं इतकी सुजली की हातातलं लाटणं सुटलं.

डॉक्टर म्हणाले, "काका, हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के, तेही अंगी फारसं लागत नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात. त्यानं काहींच्या लिव्हरला इजा झालीय. विचारायचं तरी!"

गोळी सुरू झाली, सूज उतरली. दोन बोटं मात्र वाकडीच राहिली. बँकेत जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, घरात कुणाला न विचारता निर्णय घेतला. हिनं एकदाही बोलून दाखवलं नाही.

आता पोळ्या मी लाटतो. हळद आमटीत. मंडळी, चालू गोळी आपल्या मनानं बंद करू नका.