सूर्यास्तापूर्वी चूल विझावी म्हणून

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मार्च महिन्यात रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि दिवसा वर चढतो. या चढउतारामुळेच शुगर मेपलच्या खोडातून रस वाहू लागतो. सांगलीकडून जाऊन तेथे स्थायिक झालेल्या एका जैन अभियंत्याच्या घरामागे असे तीस वृक्ष आहेत. मध वर्ज्य असलेल्या घराला झाडाचा गोडवा लाभला, याचे त्याला मोठे अप्रूप होते.

त्याच्या आईने पहिला प्रश्न झाडाविषयी विचारला. छिद्र ८ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ४ सेंटिमीटर खोल असते, २५ सेंटिमीटरहून बारीक खोडाला हात लावत नाहीत, दरवर्षी जागा बदलतात आणि जुनी जखम भरून येते, असे त्याने सांगितले. "झाड बोलत नाही, म्हणून मी विचारलं," एवढेच त्या म्हणाल्या. फेस शमविण्यासाठी पूर्वी कढईवर डुकराच्या चरबीचा तुकडा टांगत, हे कळल्यावर करडईच्या तेलाचा थेंब त्यांनीच सुचविला.

खरी अडचण रात्रीची होती. रसात साखर जेमतेम २ टक्के असते. १ लिटर पाकासाठी सुमारे ४३ लिटर रस आटवावा लागतो. शनिवारी १२० लिटर रस चुलीवर चढला की दहा तास जात. अंधार पडल्यावर दिव्याकडे पतंग झेपावत आणि काही कढईत पडत. पाक गाळलेले फडके आईंनी एकदा उजेडात धरून पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या वर्षी पाकाला त्यांनी बोटही लावले नाही.

तो अबोला मुलाला फार लागला. पुढच्या हंगामापूर्वी त्याने घरीच आर.ओ. यंत्र जुळविण्याचे ठरविले. कल्पना तशी नवी नव्हे. त्या प्रदेशातील मूळ रहिवासी रस रात्रभर गोठू देत आणि वरचा बर्फ फेकून देत. पाणी अग्नीविना वेगळे होई. मेम्ब्रेन दाबाच्या साहाय्याने तेच काम करते. २ टक्क्यांचा रस ६ टक्क्यांवर आला की १२० लिटरचे ४० लिटर उरतात.

प्रश्न उरला पंपाचा, आणि त्यात त्याचे दोन महिने गेले. शीतपेयाच्या यंत्रातून काढलेला व्हेन पंप स्वस्तात मिळत होता. त्याचा दाब उत्तम. पण क्षणभर कोरडा चालला तरी आतली कार्बनची पाती झिजतात आणि जुन्या पितळेत शिसे असण्याची शक्यता असते. खाण्याच्या पदार्थाशी तसली जोखीम कोण घेईल? अनेक टप्प्यांचा सेंट्रिफ्यूगल पंप मोठ्या मेम्ब्रेनसाठी योग्य, तीस झाडांसाठी अवाजवी. शेवटी नजर गेली ती आपल्याकडील स्वयंपाकघरातल्या आर.ओ.मध्ये असतो तशा, २४ व्होल्टच्या डायफ्रॅम पंपाकडे.

येथे एक खाचखळगा आहे. पंपाच्या जाहिरातीत ठळक छापलेला प्रवाह बहुधा दाब नसतानाचा असतो. दाब ८० पीएसआयवर गेला की तो बराच घटतो. ठेवीच्या जाहिरातीत व्याजदर मोठ्या टाइपात आणि अटी बारीक टाइपात, तसलाच हा प्रकार. मेम्ब्रेनची क्षमताही २५ अंश तापमानाची सांगितलेली असते. ४ अंशांच्या रसात ती जवळपास निम्मी भरते. हा सर्व हिशेब मांडून त्याने एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान पंप घेतले आणि प्रत्येकावर दोन मेम्ब्रेन जोडले. एक बिघडला तरी दुसरा चालू राहील, हा विचार शहाणपणाचाच. पंपांपूर्वी ५ मायक्रॉनचा फिल्टर बसविला, बाहेर पडणाऱ्या घट्ट रसाच्या नळीवर दाब राखणारा व्हॉल्व्ह लावला, आणि निघालेले शुद्ध पाणी मेम्ब्रेन धुण्यासाठी राखून ठेवले. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मेम्ब्रेनला मारक असते. गोठून तडकू नये म्हणून यंत्र रात्री घरात.

पहिल्या शनिवारी सकाळी सातला पंप सुरू झाले. रसाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि साडेअकराला चूल पेटली. लाकूड नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याने लागले. तेही आईंनी एकेक ओंडका झटकून दिले. तीनच्या सुमारास पाक पाण्याच्या उत्कलनबिंदूवर ४ अंश चढला, म्हणजे तयार झाला. ऊन अजून बर्फावर होते.

आईंनी स्वतः पाक गाळला. फडके उजेडात धरले. त्यावर रसातील क्षारांची तपकिरी रेव तेवढी होती. त्यांनी ते धुऊन वाळत घातले आणि सुनेला विचारले, "सकाळची भाकरी उरली आहे का गं?"