मानेखालचा हात

उठून बसता न येणाऱ्या पेशंटला औषध पाजायची एक रीत आहे. डावा हात मानेखाली घालायचा, डोकं जरासं उचलायचं, पेला ओठांना टेकवायचा आणि घाई करायची नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी हे शिकले, पुढे पस्तीस वर्षं केलं, नव्या मुलींनाही शिकवलं.

नाझी काळात मेझेरिट्झ-ओब्रावाल्डेच्या परिचारिकाही असाच पेला धरत. हे मनोरुग्णालय तेव्हा जर्मनीत होतं, आता ती जागा पोलंडमध्ये आहे. पेल्यात झोपेचं औषध विरघळवलेलं असे, जीव जाईल इतकं. हा इलाज आहे, घ्या, असं त्या समजावत. पुढे एकीने सांगितलं की आपण हे काम फार मायेने केलं. मला ते खोटं वाटत नाही. भीती वाटते ती त्याचीच.

या मारण्यामागे एक जुना विचार होता, माणसाची पैदास सुधारायची. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८३ मध्ये त्यासाठी ‘युजेनिक्स’ हा शब्द काढला. मराठीत सुप्रजननशास्त्र, त्या ‘सु’मुळे गर्भसंस्काराच्या वर्गात शोभेल इतका सोज्वळ! अमेरिकेत कॅरी बक या तरुणीच्या नसबंदीच्या खटल्यात तिच्या तान्ह्या मुलीबद्दल रेड क्रॉसच्या एका बाईंनी साक्ष दिली, की बाळ दिसायला काही ठीक वाटत नाही. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅरीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. ते बाळ पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत झळकलं. जर्मनीत १९३३ च्या कायद्याने सुमारे चार लाख नसबंद्या झाल्या. १९३९ पासून व्यंग असलेलं बाळ जन्मलं की कळवणं सुईणींना बंधनकारक झालं. एका नोंदीमागे २ मार्क. नुसता फॉर्म भरायचा. फॉर्म तर आम्ही रोजच भरत आलो.

१९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनला काढली गेली. कारण सांगितलं, पाळीची स्वच्छता. ऑपरेशनआधी पेशंटची तयारी सिस्टरच करतात. मी तिथे नव्हते. असते तर? गाऊन घालून, पाठीवरून हात फिरवून मुलींना वेळेत ओटीला पाठवलं असतं, दुसरं काही केलं असतं असं छातीठोक सांगवत नाही.

ओब्रावाल्डेच्या चौदा परिचारिकांवर १९६५ मध्ये म्युनिकला खटला चालला. चौदाही जणी निर्दोष सुटल्या.