भिंग आणि चौकट

माणसाची दृष्टि कोती झाली, असें आपण सहज म्हणून जातों. दृष्टीनें आणलेलें ठेवून घ्यायला आंत जागा किती आहे, याची चौकशी मात्र फारसें कोणी करीत नाहीं. वडिलांच्या मागें आम्हां भावांकडे आलेल्या एका भिंगानें मला या चौकशीला लावलें.

तें भिंग ५० मिलिमीटर नाभ्यंतराचें. वडिलांच्या फिल्मच्या कॅमेऱ्यांत त्यामागें ३६ बाय २४ मिलिमीटरांची चौकट असे. हें माप जर्मनींतील ऑस्कर बार्नाक यांच्यामुळें रूढ झालें. सिनेमाची फिल्म आडवी चालवून तिच्यावरील दोन चित्रांची जागा त्यांनीं एका छायाचित्राला दिली. १९२५ सालीं त्यांचा लायका कॅमेरा बाजारांत आला आणि ती चौकट जगभर पसरली. पुढें फिल्मच्या जागीं सेन्सर आला. एवढा मोठा सेन्सर बनविणें फार खर्चाचें. म्हणून १९९९ सालच्या निकॉन डी१ मध्यें, आणि त्यानंतर असंख्य कॅमेऱ्यांत, सुमारें २४ बाय १६ मिलिमीटरांचाच सेन्सर बसविला गेला.

माझ्या धाकट्या भावाचा कॅमेरा याच जातीचा. वडिलांचें भिंग त्यावर चढवून तो म्हणाला, "दादा, बाबांचं भिंग इथं पंचाहत्तरचं होतं!" ३६ ला २३.५ नें भागलें कीं सुमारें दीड येतो, आणि ५० ची दीडपट ७५. हिशेब चोख आहे. 'होतं' हा शब्द मात्र मला खटकला. आपल्यामागें काय बसविलें आहे, याची भिंगाला वार्ताही नसते. तें आपलें प्रकाशाचें वर्तुळ पूर्वींसारखेंच पाडीत असतें. पागोळ्यांखालीं परातीऐवजीं वाटी ठेवली म्हणून पाऊस थोडा पडला, असें कोणी म्हणत नाहीं. मोठ्या चौकटींत त्या भिंगाचा आडवा कोन सुमारें ४० अंशांचा भरतो, लहान चौकटींत सुमारें २६ अंशांचा. उरलेला प्रकाश सेन्सरच्या कडेबाहेर पडून वायां जातो.

हें वायां जाणें म्हणजे काय, तें वडिलांनीं याच भिंगानें काढलेल्या एका चित्रावरून मला उमगलें. ओटीवर सारें घर जमलें आहे. मधोमध आजोबा, पायरीवर आम्ही मुलें, एका टोंकाला खांबाला टेकून उभी असलेली विधवा आत्या, दुसऱ्या टोंकाला वर्षानुवर्षें घरांत राबलेली मोलकरीण. पांच मीटरांवरून हें भिंग मोठ्या चौकटींत ३.६ मीटर रुंदीचा देखावा देतें, लहान चौकटींत अवघा २.३५ मीटरांचा. लहान चौकटींत आजोबांना कांहींच तोशीस लागत नाहीं. ते ठळक आणि सुरेख येतील. आत्या आणि मोलकरीण मात्र चित्रांतून नाहींशा होतील, आणि त्या तेथें होत्या अशी शंकाही पाहणाराला येणार नाहीं.

यावर उपाय दोन. अडीच मीटरांहून थोडें जास्त मागें सरावें, म्हणजे सारीं माणसें मावतात. पण पायरीवरच्या मुलांचे आणि मागच्या मोठ्यांचे आकार एकमेकांच्या अधिक जवळ येतात, कारण जवळदूरचें प्रमाण आपल्या उभे राहण्याच्या जागेवर ठरतें. दुसरा उपाय म्हणजे जागा न सोडतां ३५ मिलिमीटरांचें भिंग लावावें. प्रमाण न बिघडतां बहुतेक सारा देखावा परत मिळतो. माझ्या भावानें तेंच केलें. बाबांचें भिंग तो आतां एकेकट्या माणसाचें चित्र काढायला वापरतो, आणि त्या कामीं तें उत्तम आहे.

चौकट लहान असणें हा कांहीं अपराध नव्हे. आपणां सर्वांचीच चौकट कोठें ना कोठें लहान असते. तिनें भिंगाला बोल लावूं नये, एवढेंच. आणि कडेचीं माणसें मुळांत तेथें नव्हतींच, असें तर कधींच म्हणूं नये.