आधी वीज, मग वेग

गेमिंगचा संगणक जोडून हवा म्हणून येणारा मुलगा बहुधा एक नाव पाठ करून आलेला असतो, आणि ते ग्राफिक कार्डाचं असतं. प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड त्याच्या मागून येतात. एसएमपीएस, म्हणजे विजेचा डबा, त्याच्या यादीत नसतोच. तो कॅबिनेटसोबत येतो असं त्यानं धरलेलं असतं. मी आधी त्याच्या घराची चौकशी करतो. मीटरपासून खोली किती लांब? थ्री-पिन प्लगच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थिंगची तार खरंच जोडलेली आहे का? छत कवेलूचं की टिनाचं? आणि मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी पंखा किती हळू फिरतो?

माझं बरंचसं काम गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातलं. दरेकसा, धनेगाव आणि कचारगडच्या डोंगराच्या अवतीभवतीची गावं. माघ पौर्णिमेला कोया पुनेम मानणारे गोंड बांधव मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून इथं येतात. ते ज्यांना पूजतात त्या पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांचं हे ठाणं. त्या दिवसांत कचारगडच्या गुहेच्या वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. जत्रा पांगली की उरतं ते जंगल, धानाच्या बांध्या आणि विजेच्या लाइनचं शेवटचं टोक. उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की कालव्याच्या शेवटच्या बांधीला जेवढं पाणी पोचतं, तेवढीच वीज या टोकाला पोचते. 230 व्होल्टच्या जागी मीटर 180 दाखवतो, कधी 170. पुण्या-मुंबईत बसून केलेल्या संगणकाच्या याद्यांमध्ये ही गोष्ट नसते, कारण तिथं ती लागत नाही. इथं मात्र संगणकाचं आयुष्य तीच ठरवते.

म्हणून कमी पैशाचा गेमिंग संगणक निवडताना मी भिंतीतल्या प्लगपासून सुरुवात करतो आणि ग्राफिक कार्डाशी शेवटी येतो.

एसएमपीएसच्या अंगावरचा कागद वाचायला मी प्रत्येक मुलाला शिकवतो. माझ्या टेबलावर एक हलका, स्वस्त डबा कायम ठेवलेला आहे. वर ठसठशीत अक्षरात 450 वॅट, खाली बारीक अक्षरात तक्ता. त्या तक्त्यात 12 व्होल्टचा रकाना शोधायचा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही त्यावरच जगतात. तिथं 16 अँपिअर लिहिलंय. 12 गुणिले 16 म्हणजे 192 वॅट. साडेचारशेतले उरलेले वॅट 3.3 आणि 5 व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले असतात, आणि गेम खेळताना त्यांचा उपयोग फार थोडा. आता आरएक्स 6600 हे कार्ड एकटंच 132 वॅट मागतं. रायझन 5 5600 हा प्रोसेसर जोरात असताना सत्तरच्या पुढे जातो. पंखे, डिस्क, बोर्ड धरून बेरीज अडीचशेच्या वर गेली. गेम सुरू होतो, दहा मिनिटांनी स्क्रीन काळी होते आणि घरचे म्हणतात कार्ड खराब निघालं.

त्याच कागदावर दुसरी एक ओळ असते, इनपुटची. काही डब्यांवर 200-240 व्होल्ट असतं, चांगल्यांवर बहुधा 100-240. पहिल्या प्रकाराच्या डब्यानं 170 व्होल्टवर साथ द्यावी असं कंपनीनं कबूल केलेलं नाही. दुसऱ्या प्रकारात अॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं. व्होल्टेज पडलं की ते जास्त करंट ओढून आतला पुरवठा सारखा ठेवतं. मागच्या बाजूला 115 आणि 230 असं लाल बटण दिसलं, तर ते सर्किट बहुधा आत नाही असं समजावं. शहरात हा फरक वीजबिलापुरता असेल, धनेगावात तो संगणक बंद पडण्या-न पडण्याचा आहे. त्यामुळे नाव असलेल्या कंपनीचा, 100-240 लिहिलेला, साडेचारशे ते साडेपाचशे खऱ्या वॅटचा डबा ही माझ्या यादीतली पहिली ओळ. तिथं मी एक रुपया कमी करू देत नाही.

यूपीएसबद्दल लोकांची अपेक्षा फार मोठी असते. दुकानात सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॅटचा असतो. वीज गेल्यावर गेम सेव्ह करून संगणक नीट बंद करायला तो पुरतो, खेळत बसायला नाही. ज्या घरात रोज व्होल्टेज पडतं तिथं यूपीएस दर वेळी बॅटरीवर जातो आणि तिचं आयुष्य वर्षभरात आटोपतं. तिथं आधी चांगला स्टॅबिलायझर, मग यूपीएस.

अर्थिंगचं मी तोंडी सांगत नाही, दाखवतो. संगणक जोडून झाल्यावर टेस्टर कॅबिनेटच्या स्क्रूला लावतो. जुन्या घरांत हमखास टेस्टरचा दिवा मिणमिणतो. हाताची मागची बाजू पत्र्यावरून फिरवली तर झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीसाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून कॅबिनेटला, दुसरा न्यूट्रलकडून कॅबिनेटला जोडलेला. अर्थिंगची तार असली तर तिथून गळणारा अगदी बारीक करंट जमिनीत जातो. ती नसली तर सगळा पत्रा मुख्य विजेच्या निम्म्या व्होल्टेजवर, साधारण 115 वर, तरंगत राहतो. करंट इतका कमी असतो की माणसाला एरवी इजा होत नाही. पण चालू टीव्हीला एचडीएमआयची वायर लावताना तोच करंट पोर्टमधून वाट काढतो आणि ग्राफिक कार्डाचं तोंड जळू शकतं. अंगणात खड्डा, त्यात पाइप, कोळसा आणि मीठ, उन्हाळ्यात वरून पाणी. गावातल्या वायरमनला हे काम येतं. रंगीत दिव्यांचे पंखे घेण्याआधी हा खड्डा झाला पाहिजे. आणि पावसाळ्यात ढग गडगडायला लागले की प्लग आणि राउटरची वायर दोन्ही काढायची. वीज कोसळल्यावर कुठलाच डबा टिकत नाही.

विजेनंतर उष्णता. मे महिन्यात गोंदियाचा पारा 44-45 वर जातो आणि टिनाखालच्या खोलीत दुपारी थांबवत नाही. व्हिडिओत कुणी दाखवतो की अमुक कूलरवर प्रोसेसर 70 अंशांवर राहिला. त्याची खोली 23 अंशांची असते. हवेवर चालणारा कूलर खोलीपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक राखतो. तो फरक 47 अंशांचा असेल तर आपल्या 42 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 89 वर गेला. रायझन 5 5600 ची मर्यादा 90 आहे. तिच्यापाशी आला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि मुलाला वाटतं गेम अडकतोय. म्हणून इथं प्रोसेसरसोबत येणाऱ्या छोट्या कूलरऐवजी उंच टॉवरचा साधा एअर कूलर आणि समोरून जाळीचं कॅबिनेट. समोर काच लावलेलं कॅबिनेट फोटोत सुंदर दिसतं, पण हवा आत येणार कुठून?

घरातला पाण्याचा कूलर विदर्भाच्या उन्हाळ्यात हवाच. मात्र त्याचा झोत थेट संगणकावर कधी येऊ देऊ नये. ओली हवा, बाहेरची धूळ आणि चुलीचा धूर मिळून पंख्यांच्या पात्यांवर चिकट थर बसतो, तो ब्लोअरनं उडत नाही. मागच्या स्लॉटच्या पट्ट्याही काढून ठेवू नयेत. तिथून पाल आत जाते, उंदीर वायरी कुरतडतो. जंगलाच्या कडेच्या घरात या गोष्टी रोजच्या आहेत.

एवढं बाजूला काढल्यावर जे पैसे उरतात ते वेगाचे. आता ग्राफिक कार्डाविषयी बोलता येतं, आणि ते मॉनिटरपासून बोलावं. समोर 1080पीचा साधा मॉनिटर असेल तर 4के साठी बनलेलं कार्ड घेऊन उपयोग नाही. व्हॅलोरंटसारखा 2020 चा गेम मुद्दामच साध्या संगणकांवर चालावा असा बनवला आहे. तिथं प्रोसेसर आणि रॅम जास्त महत्त्वाचे. मोठ्या, खुल्या जगाच्या गेमना मात्र कार्ड लागतं आणि त्यावर 8 जीबी मेमरी लागते. कोणते दोन-तीन गेम खरंच खेळणार आहेस, हे मुलाकडून काढून घेतल्याशिवाय मी भाव सांगत नाही. सगळे गेम म्हणणाऱ्याला परत विचारतो.

पैसे एका हप्त्यात जमत नसतील तर त्यालाही वाट आहे. इकडे पैसा धान विकल्यावर येतो, तेंदूपत्त्याच्या हंगामात येतो. बारा महिने सारखा येत नाही. अशा घरासाठी रायझन 5 5600जी घेता येतो. त्याच्या पोटातच ग्राफिक आहे, हलके गेम त्यावर चालतात, कार्ड पुढच्या हंगामात. पण याची किंमत काय ते आधीच सांगायला हवं. 5600 मध्ये 32 एमबी कॅश आहे, 5600जी मध्ये 16. त्याची पीसीआय लाइनही चौथ्या नाही, तिसऱ्या पिढीची. नंतर आरएक्स 6500 एक्सटी लावलं तर ते कार्ड मुळातच चार लेनचं असल्यानं गळा आवळल्यासारखं चालतं. म्हणजे आजची निवड उद्याच्या कार्डाचं नावही ठरवते. आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिकवर खेळायचं असेल तर रॅमची एक मोठी कांडी नको, दोन छोट्या. डीडीआर4 3200 ची एक कांडी सेकंदाला 25.6 जीबी देते, दोन मिळून 51.2. ग्राफिक त्याच रॅमवर जगत असल्यानं हा फरक डोळ्यांना दिसतो. बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सेटिंग चालू केली नाही तर 3200 ची कांडी 2133 किंवा 2400 वर रेंगाळते. पैसे देऊन झालेत, वेग मात्र कुलपात. नवा संगणक घरी आला की ही पहिली तपासणी.

जुन्या मालाचं दार मी बंद करत नाही. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या क्रिप्टो चलनानं कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. नागपूरच्या सीताबर्डीपासून ऑनलाइन सौद्यांपर्यंत सगळीकडे आरएक्स 580 दिसू लागलं. 2017 चं हे कार्ड आजही 1080पीला कामाचं आहे. पण त्याच नावाखाली 2048 कोअरचं एक वेगळं कार्डही विकलं जातं; खऱ्यात 2304 असतात. जीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्रॅम उघडला की आकडा समोर येतो. पंख्याचा आवाज ऐकायचा, अर्धा तास गेम चालवून तापमान बघायचं, बिल आणि वॉरंटीवरचा सिरियल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळवायचा. शिवाय हे कार्ड 185 वॅट मागतं. स्वस्तात मिळालं म्हणून आणलेलं कार्ड कधी कधी एसएमपीएस बदलायला लावतं, आणि मग ते स्वस्त उरत नाही. एसएमपीएस जुना मात्र मी कधीच घेऊ देत नाही.

डिस्कसाठी 500 जीबी आता अपुरी. मोठा गेम एकटाच 100 जीबी खातो. एनव्हीएमई आणि साटा एसएसडीमध्ये बहुतेक गेमना फार फरक पडत नाही. साटा घेतल्यानं त्याच पैशांत 1 टीबी येत असेल तर तीच घ्यावी. दरेकसाकडे नेटवर्क डोंगराआड लपतं आणि मोबाइलचा दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा अशा गेमला महिनाभर पुरायचा नाही. मुलं गोंदियाला मित्राकडे जाऊन स्टीमवर गेमचा बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर घेतात आणि घरी आणून चढवतात. ती डिस्कही बजेटात धरावी लागते.

भाव मी मुद्दाम लिहीत नाही. 2025 च्या शेवटी एआयच्या सर्व्हरांसाठी मेमरीची मागणी वाढली, रॅमचे भाव भडकले आणि त्याआधीच्या सगळ्या याद्या रद्दी झाल्या. क्रम मात्र टिकतो. एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर दोन-तीन संगणकांना पुरतात. मदरबोर्ड पुढच्या प्रोसेसरची जागा ठरवतो. 2018 च्या बी450 बोर्डवर बायोस बदलून 2022 चा 5600 बसतो, हे एएम4 सॉकेटनं दाखवून दिलं. ग्राफिक कार्ड सगळ्यात लवकर जुनं होतं. म्हणून जास्त टिकणाऱ्या गोष्टींवर आधी खर्च आणि लवकर जुन्या होणाऱ्या गोष्टीला उरलेले पैसे.

आई-वडिलांचा प्रश्न नेहमीचा असतो, "भाऊ, हे फक्त खेळायलाच हाय का?" तो प्रश्न रास्त आहे आणि मी त्याचं उत्तर मशीनमध्येच देतो. गेमिंगसाठी निवडलेले सहा कोअर आणि 16 जीबी रॅम व्हिडिओ एडिटिंगलाही तितकेच उपयोगी पडतात. कचारगडच्या जत्रेचे व्हिडिओ, गोंडी गाण्यांचे व्हिडिओ ही मुलं स्वतः शूट करतात. मोबाइलवर ते अडकत अडकत कापावे लागतात, या संगणकावर झरझर होतात. फॉर्म भरणं, परीक्षेचा अभ्यास, ऑनलाइन तासिका हे तर आहेच. लाइनच्या शेवटच्या टोकावर राहणाऱ्या मुलालाही शहरातल्या मुलाइतकंच चांगलं यंत्र वापरायचा हक्क आहे, आणि ते त्याच्या घरात टिकलं पाहिजे. यापेक्षा मोठा हेतू मला या कामात दिसत नाही.

त्यामुळे संगणक हवाली करताना बिलाच्या मागे मी चार ओळी लिहून देतो. संध्याकाळी प्लगवर मोजलेलं व्होल्टेज, अर्थिंगची स्थिती, तासभर गेम चालल्यावरचं प्रोसेसर आणि कार्डाचं तापमान, त्या वेळचं खोलीचं तापमान. पुढच्या धानाला कार्ड बदलायचं ठरलं तर मुलानं तो कागद घेऊन यावं. नवीन कार्ड किती वॅटचं चालेल हे त्यावरूनच ठरतं.