दोघांच्या दोन रेघा



मागच्या वेळी चौमासातल्या स्वयंपाकाविषयी लिहिले, तेव्हा तुमच्यातल्या दोघी-तिघींनी विचारले की निवृत्तीनंतर तुम्ही दोघे एवढे फिरता, मग दिग्व्रताचे काय? प्रश्न बरोबर आहे. दहाही दिशांना जन्मभरासाठी मर्यादा घालायची आणि तिच्यापलीकडे पाऊल टाकायचे नाही, असे हे गुणव्रत. सीमा कशाने आखावी तेही समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगून ठेवले आहे. समुद्र, नदी, जंगल, डोंगर, देश, योजने. ज्याला जी खूण ओळखू येईल ती.

आमची अडचण अशी की मुलगा ऑकलंडला, आणि नातू तीन वर्षांचा. दर रविवारी तो फोनवर समुद्रातला एक पसरट डोंगर दाखवतो. रंगीटोटो त्याचे नाव. साधारण सहाशे वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी, आणि त्या शहरात असे पन्नासच्या आसपास आहेत म्हणे. मुलगा म्हणतो, "आई, बाबांना घेऊन ये, निवांत बेटे दाखवतो." जाऊबाई म्हणतात, "परदेशी गेलीस तर दिग्व्रत कसले घेणार?" मी म्हटले, आधी जवळचे पाहू. रेघ कुठे ओढायची ते त्यातून कळेल.

जवळचे म्हणजे किती जवळ! आपण सांताक्रूझमध्ये राहतो ते साष्टी बेटच की. १८४५ साली लेडी जमशेटजींच्या देणगीतून माहीमचा कॉजवे झाला, तोवर वांद्र्याहून माहीमला होडीनेच जावे लागे. आणि पायाखालचा दगड सगळा लाव्ह्याचा. रिक्षाने अंधेरीला गिल्बर्ट हिल पाहायला गेलो. भवन्स कॉलेजजवळ, इमारतींच्या गर्दीत सुमारे २०० फूट उंच काळा कडा, उभ्या खांबांची मोळी बांधून ठेवावी तसा. लाव्हा हळूहळू थंड होताना आक्रसतो आणि तळ्याचा गाळ वाळल्यावर भेगाळतो तसा तडकतो, त्याचे हे खांब. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. वर गावदेवीचे देऊळ आहे. इतकी वर्षे त्याच रस्त्याने भाचीकडे जात होतो आणि कधी मान वर करून पाहिले नव्हते.

मग घारापुरी. सकाळची पहिली लाँच धरली, म्हणजे सूर्यास्ताआधी जेवायला घरी. बरोबर दशम्या, लसूण नसलेली शेंगदाण्याची चटणी आणि उकळलेले पाणी. जेट्टीपासून पुढे १२० पायऱ्या आहेत. ह्यांचे गुडघे दुखरे, म्हणून प्रत्येक वळणावर बसलो. त्रिमूर्तीसमोर लोक फोटो काढून पाच मिनिटांत निघत होते, आम्ही तासभर होतो. वीस फुटांचे ते मुख एकाच पाषाणाचे. देव आपला नसला तरी कोरणाऱ्याचा हात कळतो.

बेटांनंतर मुख्य भूमी. दादरहून तपोवन एक्स्प्रेस. कसारा घाट चढताना डोंगराचे थर पायऱ्यांसारखे दिसतात. दख्खनच्या ह्या दगडाला ट्रॅप म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला. मनमाडनंतर खिडकीतून अंकाई-टंकाईचे जोडडोंगर दिसले. टंकाईत आपली लेणी आहेत, ती पुढच्या खेपेला.

वेरूळला मात्र तीन दिवस दिले. एकूण ३४ लेणी, त्यांतली शेवटची पाच आपली, ३० ते ३४. कैलास पाहून दमलेली मंडळी तिथवर येतातच असे नाही, त्यामुळे इंद्रसभेत सकाळी आम्ही दोघेच. खालचा मजला अर्धवट राहिला आहे, वरचा पुरा. कारण कोरणे वरून खाली चालते. हत्तीवरच्या यक्षाला कुणीतरी इंद्र समजले आणि नाव पडले. वेलींनी वेढलेले बाहुबली पाहिले, कमठाच्या उपसर्गात अविचल उभे पार्श्वनाथ पाहिले. मी मात्र अंबिकेपाशी थांबले. वर आंब्याचे झाड, खाली सिंह, मांडीवर मूल. तिथे बसून सामायिक केले. ध्यान लागले नाही, नातूच डोळ्यांपुढे येत राहिला.

मग बागलाणात मांगी-तुंगी. गणिनी ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने कोरलेली १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती, २०१६ साली प्रतिष्ठा झालेली, तुम्हांपैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. तोही हाच काळा दगड. एका आर्यिकेच्या संकल्पापुढे डोंगर वाकला, हे मला फार मोलाचे वाटते. शिखरांवरच्या गुहांपर्यंत जायला मात्र साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या. डोली मिळते, पण माणसाच्या खांद्यावर बसून सिद्धक्षेत्र चढणे ह्यांच्या मनाला पटेना. म्हणाले, "मी धर्मशाळेत बसतो. तू जा." अडतीस वर्षांच्या संसारात यात्रेला मी एकटी कधी चढले नव्हते. सोलापूरच्या तिघी बायका भेटल्या, त्यांच्या सोबतीने पहाटे निघाले.

उतरले तेव्हा दुपार झाली होती. हे ओट्यावर माळ घेऊन बसलेले. पाणी दिले आणि म्हणाले, "माझी रेघ देशातच. इतका वेळ विमानात बसणे आता माझ्याने होणार नाही. पण माझी रेघ तुझी कशाला व्हायला हवी?"

दोन दिवस मी काही बोलले नाही. घरी आल्यावर हिशेबाची वही काढली. ह्यांनी आपल्या हाताने लिहिले: पूर्वेला सम्मेद शिखरजी, उत्तरेला हस्तिनापूर, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, पश्चिमेला जुहूचा किनारा. माझ्या पानावर तेच, फक्त आग्नेयेला ऑकलंड, रंगीटोटोच्या पुढे नाही. जाऊबाईंना ही पळवाट वाटते. मला वाटत नाही. रेघ लांब आहे, पण रेघ आहे. ऊर्ध्व दिशेला विमान जाईल तेवढे, एवढे लिहिताना हे हसले.

व्रत दशलक्षणात माताजींसमोर घेणार. चौमासात घर सोडायचे नाही, म्हणून तिकीट मार्गशीर्षातले, सहा आठवड्यांचे. तिकडे डिसेंबरात सूर्य साडेआठनंतर मावळतो, म्हणजे रात्रिभोजनत्यागाची चिंता नाही. चिंता इकडची. ह्यांना आमटी-भात येतो, पोळीचे शिक्षण चालू आहे, पहिली आठवड्याभराची पोळी गाईलाही घालवली नाही. त्या विमानतळावर खाण्याच्या वस्तूंची फार कडक तपासणी होते. जयसिंगपूरचा भडंग नेता येईल का, कुणाची लेक तिकडे असेल तर विचारून कळवा.