लहान वसतिगृहातले पहिले वर्ष

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा शाळेची वाटचाल, दहावीचे निकाल, विहाराच्या बांधकामासाठी गावोगावच्या उपासक-उपासिकांनी केलेले श्रमदान हे विषय इतरांनी आधीच घेतले होते. आमच्या वाट्याला पहिलीचे वर्ष उरले, आणि आम्हाला तेच हवे होते. आम्ही म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गांवरच्या दोघी शिक्षिका, लहान मुलांच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका आणि स्वयंपाकघरातल्या मावशी. लिहिणारा हात एकीचा आहे. पण जे लिहिले ते मुले निजल्यावर व्हरांड्यात बसून चौघींनी मिळून आठवले आहे. एका ठिकाणी आमचे भांडणही झाले. ते पुढे येईलच.

माजी विद्यार्थ्यांना जूनमधला तो दिवस नव्याने सांगायला नको. बापाच्या खांद्यावर पत्र्याची पेटी, तिला नवे कुलूप, काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेली किल्ली. आईच्या कडेवर धाकटे आणि पदराला धरून चालणारे सहा वर्षांचे मूल. बीड, धारूर, आष्टी, पाटोदा या भागांतून येणाऱ्या आपल्या मुलांपैकी पुष्कळांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मूल बरोबर गेले तर त्याची शाळा फडावरच संपते. म्हणून आईबाप काळजावर दगड ठेवून ते आमच्या हाती देतात. मोठ्या माणसांना यातले सारे कळते. सहा वर्षांच्या मुलालाही ते कळावे, अशी अपेक्षा आम्ही कितीतरी वर्षे बाळगली. त्याला जवळ बसवून ते सांगण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

त्या काळी आमची एक रीत होती. मूल पंगतीत जेवायला बसले की आम्ही पालकांना खुणेने उठवत असू. "आता निघा. मागे वळून पाहू नका. एकदा रडेल, मग विसरेल." आया डोळ्यांना पदर लावून विहिरीच्या बाजूच्या फाटकातून निघून जात. पहिला महिनाभर भेट नाही. आषाढ पौर्णिमेला वर्षावासाचा प्रारंभ होतो, त्या दिवशी पालकसभा, तेव्हाच भेट. ही रीत आम्हाला आमच्या आधीच्यांकडून मिळाली होती आणि ती मुलांच्या हिताची आहे अशी आमची प्रामाणिक समजूत होती. जेवण संपवून मूल वळून पाही, तर मागे कोणी नसे. त्यानंतर कित्येक दिवस काही मुले जेवताना दर घासाला मागे पाहत. आम्ही म्हणत असू, "पुढे बघून जेवावे."

अध्यापनाच्या पदविकेला आम्ही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर टिपा लिहिल्या होत्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला त्यांनी कुरणशाळा कशी काढली, मूल शाळेकडे येत नसेल तर शाळाच मुलाकडे कशी नेली, हे आम्हाला तोंडपाठ होते. परीक्षेत गुणही चांगले पडले. फाटकाच्या गोष्टीशी त्याचा काही संबंध आहे, हे मात्र तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

हजेरीचीही अशीच गोष्ट. पहिल्या आठवड्यात आम्ही पटावरचे नाव पुकारीत असू आणि समोर बसलेले मूल गप्प राही. गैरहजेरीची खूण पडे. घरी ज्याला सगळे 'बाळ्या' किंवा 'सोन्या' म्हणतात, त्याने दाखल्यावरचे नाव उभ्या आयुष्यात ऐकलेले नसते. एका मुलाला आम्ही चार दिवस गैरहजर लिहिले; तो चारही दिवस पहिल्या ओळीत बसला होता. आता प्रवेशाच्या वेळीच घरचे नाव विचारून पटाच्या समासात पेन्सिलीने लिहितो आणि पंधरा दिवस दोन्ही नावे जोडून हाक मारतो. विद्यार्थी दिवसाला मुलांना या गोष्टीची फार मौज वाटते. बाबासाहेबांनी 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला; तिथल्या पटावर त्यांचे नाव 'भिवा रामजी आंबेडकर' असे आहे, हे सांगितले की सारा वर्ग हसतो. एका वर्षी एका मुलीने विचारले, "त्यांना सोडायला त्यांची माय आली होती का?" बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई त्याआधीच गेल्या होत्या आणि आत्या मीराबाई यांनी त्यांना सांभाळले, हे आम्ही खरे तेच सांगितले. वर्ग थोडा वेळ गप्प झाला. मग तीच मुलगी म्हणाली, "मंग आत्या होती ना."

जेवणाचे फार लिहीत नाही. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मुलाला रोज भात-वरण जड जाते. मावशींनी हे पहिल्याच वर्षी ओळखले आणि संध्याकाळच्या भाकऱ्या सुरू केल्या. अंथरूण ओले होते, त्याचा बोभाटा करू नये. गादी पहाटे, इतर मुले उठण्यापूर्वी उन्हाच्या जागी न्यावी. संडासात रात्री जायला भीती वाटते. दिवा चालू ठेवावा आणि सोबत जावे. या गोष्टी कोणत्याही आईला ठाऊक असतात.

वाकळेचे मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. एका पावसाळ्यात एक मुलगा आईच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ घेऊन आला होता. ती मळलेली होती, तिला धुराचा आणि घामाचा वास होता. अधीक्षिकांनी स्वच्छतेच्या नियमाप्रमाणे ती साबण लावून धुतली, दोन दिवस वाळवली आणि छान घडी करून त्याच्या उशाशी ठेवली. त्या रात्री तो मुलगा निजला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. वाकळ नाकाशी धरी आणि बाजूला टाकी. विचारले तर म्हणे, "ही मही नाही." आम्ही त्याला लुगड्याचा काठ दाखवला, टाके दाखवले. तो मान हलवी. तिसऱ्या दिवशी मावशींनी ती वाकळ चुलीजवळच्या खुंटीवर टांगली, रात्री स्वतः अंगावर घेऊन निजल्या आणि मग त्याला दिली. आईचा वास परत आला नाही. पण धुराचा आला, माणसाचा आला. तो झोपला. पुढे तो मावशींच्याच मागे मागे फिरू लागला. आता प्रवेशाच्या पत्रात आम्ही लिहितो, की आईच्या अंगावरचे एखादे जुने पातळ न धुता पाठवावे. काही पालकांना याचा संकोच वाटतो, आपली गरिबी दिसेल असे वाटते. त्यांना आम्ही ही गोष्ट सांगतो.

आता भांडणाचे. एका मुलीची गोष्ट लिहावी की नाही, यावर आमच्यात एकमत होईना. महोत्सवी अंकात शाळेच्या उण्याची गोष्ट कशाला, असे एकीचे म्हणणे होते. मावशी म्हणाल्या, "लिव्हा बाई. पोरगी कुठंतरी वाचंल." म्हणून लिहीत आहोत.

ती मुलगी रडली नाही. पहिल्या दिवशी नाही, पहिल्या रात्री नाही. पंगतीतून मागे वळून पाहिले, फाटकाकडे पाहिले आणि ताटातले सगळे संपवले. त्रिसरण-पंचशील तिने आठवड्यात पाठ केले. पेटीतले कपडे नीट घडी करून ठेवी, इतर मुलांच्या वेण्या घाली, सांगितलेले काम लगेच करी. आम्ही इतरांना तिचा दाखला देत असू. "बघा, ही कशी शहाणी आहे." आषाढ पौर्णिमेला आई भेटायला आली, तेव्हा ती आईच्या पायांकडे बघत उभी राहिली, पदराला तिने हात लावला नाही. "रुळली," असे आम्ही आईला सांगितले. आईचा चेहरा उतरला होता. तिला बरे वाटावे म्हणून आम्ही तेच दोनदा सांगितले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली नाही. मार्गशीर्षात आम्ही दोघी तिच्या गावी गेलो. घरी आजी एकटीच होती. पाडव्यानंतर टोळीचा ट्रॅक्टर निघाला, तेव्हा पोरगी ट्रॉलीत जाऊन बसली; मारले तरी उतरली नाही, शेवटी बापाने बरोबर नेले. "तिला शाळेत काही त्रास होता का?" आम्ही विचारले. आजी म्हणाली, "त्रास काई नव्हता बाई. पोरीला वाटलं, बापानं मुकादमाची उचल घेतली अन् तिला तुमच्याकडं गहाण ठेवलं. उचल फिटली का, उचल फिटली का, असं सारखं इचारीत होती."

तिच्या बापाने उचल घेतली त्याच आठवड्यात तिला शाळेत आणून सोडले होते. घरात पैशांचे बोलणे तिने ऐकले. मग माणसे तिला न सांगता फाटकातून निघून गेली. दोन्ही गोष्टी तिने आपल्या मनाने जोडल्या. गहाण ठेवलेल्या वस्तूने जसे वागावे तशी ती आमच्याकडे चार महिने वागली, आणि आम्ही तिला शाबासकी देत राहिलो.

पुढच्या जूनपासून विहिरीकडचे फाटक त्या दिवशी बंद असते. पालकांनी मुलाचे जेवण होईपर्यंत समोर थांबावे, मग त्याच्यासमोर उभे राहून आपल्या तोंडाने सांगावे: आम्ही आता जातो, अमुक दिवशी येतो, तू इथे शिकायला आहेस. कोणाच्या पैशांसाठी तुला ठेवलेले नाही, हेही सांगायला आम्ही लावतो. काही बापांना ते वाक्य उच्चारताना फार जड जाते. त्या दिवशी रडण्याचा जो कल्लोळ होतो तो पूर्वी कधी होत नसे. ज्यांना आपली शाळा शिस्तीची म्हणून ठाऊक आहे अशा काही जुन्या पालकांनी याबद्दल नाराजीही कळवली. रडणाऱ्या मुलांची काळजी आम्हाला आता तितकीशी वाटत नाही. न रडणाऱ्याजवळ मात्र मावशी रात्री जाऊन बसतात.

आईवडिलांचे दुसरे जाणे दिवाळीनंतरचे, ते जूनपेक्षा कठीण असते. जूनमध्ये आई निदान गावात असते. त्यासाठी आम्ही पौर्णिमा मोजतो. दर पौर्णिमेला विहारात वंदना आणि नंतर खीर असतेच. लहान मुलांच्या खोलीत भिंतीवर खडूने एक एक चंद्र काढला जातो. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र: सहा चंद्र झाले की माय येणार. त्या रात्री मुकादमाच्या फोनवरून बोलणे झालेच, तर फडावरच्या कोपीतूनही तोच चंद्र दिसतो का, हे मुले हमखास विचारतात.

हेही एकदा फसले. 2021-22च्या हंगामात मराठवाड्यात ऊस इतका झाला की काही कारखाने जूनपर्यंत चालले. चैत्राचा चंद्र भिंतीवर काढून झाला आणि बऱ्याच मुलांची माणसे आली नाहीत. सातवा चंद्र काढायचा की नाही, यावर पहिलीच्या मुलांनी सभाच घेतली. शेवटी एका मुलाने तो काढला, पण अर्धाच. तेव्हापासून सहा चंद्र झाल्यावर 'नक्की येणार' असे न म्हणता 'बहुधा येणार, उशीर झाला तर आम्ही तुला सांगू' असे म्हणतो. मुलांना 'बहुधा' हा शब्द आधी आवडत नाही. मग ती तो स्वतःच वापरू लागतात, भाजीबद्दलसुद्धा.

त्या मुलीची पेटी अजून आमच्याकडे आहे. सुट्टीला जाताना तिने पिशवी तेवढी नेली होती. आजीला आम्ही पेटी पोहोचवतो म्हणालो, तर ती म्हणाली, "राहू द्या तिथंच. येईल ती." पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा घराला कुलूप होते, आजी वारली होती आणि माणसे कामाच्याच बाजूला कुठे तरी राहिली, एवढेच शेजाऱ्यांनी सांगितले. दर जूनला भांडारघर झाडताना मावशी ती पेटी पुसून पुन्हा मांडणीवर ठेवतात. कुलूप आम्ही तोडलेले नाही. किल्ली तिच्याच गळ्यात गेली, काळ्या दोऱ्यात.