घुग्घुसच्या भिंतीवरची अक्षरे

चंद्रपूरहून पडोली फाटा सोडून एस.टी. घुग्घुसकडे वळली, की आम्ही खिडकीची काच लावून घेतो. उपयोग होत नाही. उतरेपर्यंत कॉलरवर काळी रेघ उमटतेच. कोळसा, सिमेंट, लोखंड सगळे या एकाच गावाभोवती, आणि पलीकडे वर्धा नदी.

आम्ही बहिणीकडे गेलो होतो. तिचे घर आमराई वॉर्डातले. २६ ऑगस्ट २०२२ रोजी याच वॉर्डातले एक घर जमिनीत गडप झाले. खाली जुन्या खाणीची पोकळी! आजूबाजूची घरे रिकामी करावी लागली, त्यात बहिणीचेही. तेव्हापासून ती भाड्याच्या खोलीत राहते.

जुन्या घराच्या भिंतीवर 'जयभीम' अजून आहे. दाजींनी चुन्यात भिजवलेल्या सुतळीने शिरोरेघेची खूण मारली आणि निळ्या रंगाने अक्षरे भरली. आम्ही बघत असता भाच्याने खिशातून मोबाईल काढला.

"मामा, जरा धूळ पुसा ना. मोबाईलले अक्षर ओळखू येत नाही."

आम्ही उपरण्याने भिंत पुसली. त्याने मोबाईल धरला, आणि पडद्यावर त्या भिंतीपुढे सारे कुटुंब उभे राहिले! १४ एप्रिलला काढलेला फोटो, ओट्यावर आईही बसलेली. आई आता नाही.

यात जादू नाही. कॅमेरा अक्षरांचे कोपरे, काळे-पांढरे फरक ओळखतो आणि त्यावर चित्र बसवतो. धुळीने फरक पुसला की चित्रही जाते. अमेरिकेत २०१० साली मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटून ११ कामगार मेले, तेव्हा दोघा कलावंतांनी असेच केले. त्या तेल कंपनीच्या पाटीवर फोन धरला, की पाटीतूनच तेल उसळताना दिसे. पाटी कंपनीची, बोलणे लोकांचे.

पाटीची किंमत आम्हांला कोणी शिकवायला नको. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. फाटकावरच्या नावासाठी साडेपंधरा वर्षे! घरे जळाली, माणसे गेली. त्याआधी ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तोही छापील अक्षराच्या भरवशावर.

भाच्याचा बेत पुढचा आहे. दाजींच्या हातची हीच अक्षरे कापडावर उतरवायची आणि ते फलक मोर्चात न्यायचे. चंद्रपूरला कचेरीपुढे कापड उभे केले, की ज्याच्या हाती मोबाईल त्याला तिथेच हे घर दिसेल. बेत आम्हांला आवडला. पण आमच्या शेजारी बसलेल्या म्हातारीजवळ साधा फोन होता, तिला काही दिसले नाही. रंगवलेले अक्षर मात्र तिने बोट फिरवून वाचले. प्रौढ वर्गात शिकलेली आहे ती.

बहिणीने फोन हातात घेऊन आईकडे बराच वेळ पाहिले. मग बॅटरी संपली.

"दादा, घर पाडलं त कुठी धरायचा हा फोन?"

भाचा म्हणाला, "आत्ता कापड घ्यायले चला." दाजी तोवर निळा रंग कालवायला बसले होते. 'भी'ची वेलांटी पुसट झाली होती, ती त्यांना आधी नीट करायची होती. आमची शेवटची एस.टी. त्या नादात चुकली.